डावीकडे वजन

बाबा, तुमच्या खुर्चीच्या मागच्या उजव्या पायाला तुम्ही टेनिसचा अर्धा चेंडू बसवला होता, तो झिजून पापडासारखा पातळ झाला आहे. खुर्ची पुन्हा डुगडुगते. दुरुस्तीचं सामान माझ्या गाडीत असतं, काम किरकोळ आहे, आणि तरी मी ते केलेलं नाही. का, ते पुढे येईल. तुम्ही गेलात तेव्हा मी शाळेच्या शेवटच्या वर्षाला होते. आता माझं काम म्हणजे कारखान्यातला एखादा पंप किंवा पंखा कधी बंद पडेल, ते तो बंद पडायच्या आधी सांगणं. तुम्हाला हे फार आवडलं असतं, असं सगळे म्हणतात. मला तेवढी खात्री नाही. तुम्ही बहुतेक विचारलं असतंत, की बंद पडल्यावर काय करायचं ते कोण सांगतं.

त्या खुर्च्या तुम्ही कॅरी गावातल्या आपल्या घराजवळच्या एका चर्चच्या सेलमधून आणल्या होत्या. घडीच्या, लोखंडी, सहा. सहाच का, असं आईनं विचारलं तर तुम्ही म्हणालात, सहाच होत्या. पुढे त्याचाच कायदा झाला. दरवर्षी वसंतात, खऱ्या ड्राफ्टच्या आधीच्या शनिवारी, आपल्या गॅरेजमध्ये सहा खुर्च्यांवर तुम्ही आणि पाच काका बसायचात, आणि सातव्या माणसाला जागा नसायची. आला तर उभा राहायचा आणि त्याला मत नसायचं. एकदा कुणीतरी अंगणातली प्लास्टिकची खुर्ची उचलून आणली, तर तुम्ही ती हसत हसत परत नेऊन ठेवलीत. संघ म्हटला की मर्यादा आली, म्हणालात. मर्यादा नसेल तर ती नुसती गर्दी.

ड्राफ्ट म्हणजे काय, हे तुम्ही मला स्वयंपाकघरात डाळींच्या डब्यांवर समजावलं होतं. मी नऊ वर्षांची होते, नागपूरहून येऊन फार दिवस झाले नव्हते, आणि पायाचा फारसा संबंध नसलेल्या खेळाला इथे फुटबॉल म्हणतात एवढंच मला कळलं होतं. एकीकडे कॉलेजात खेळून तयार झालेली मुलं, दुसरीकडे पैसे देऊन खेळाडू ठेवणारे मोठे संघ. हे संघ दर वसंतात आळीपाळीनं एकेक मुलगा निवडतात. आता आधी कोण निवडणार? तुम्ही जवळजवळ रिकामा झालेला मुगाचा डबा पुढे सरकवलात. गेल्या वर्षी जो सगळ्यात वाईट खेळला, तो. इथे तुम्ही दर वेळी थांबायचात, समोरच्यानं हे नीट ऐकावं म्हणून. तुमच्या वेळी इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला पहिला आलेला आधी निवडायचा, आणि तुमचा नंबर येईपर्यंत धातुशास्त्र तेवढं उरलं होतं. "मी धातुशास्त्र निवडलं नाही," तुम्ही म्हणायचात, "आम्ही दोघं शेवटी उरलो." शेवटच्याला पहिला मान देणारा देश चांगलाच असणार, असा निष्कर्ष तुम्ही एका खेळाच्या एका नियमावरून काढलात आणि जन्मभर सोडला नाहीत.

गॅरेजमधला खेळ त्याचीच नक्कल होती. प्रत्येकाचा एक मनातला संघ. प्रत्येकानं आळीपाळीनं कॉलेजातला एकेक मुलगा घ्यायचा, आणि पुढे तो मुलगा खऱ्या संघात कसा खेळतो त्यावर गुण. ज्याचा संघ तळाला, त्याची पुढच्या वर्षी पहिली निवड, आणि त्या दिवशीचे पोहेही त्यानंच करायचे. त्यामुळे आमचे पोहे कायम हरलेल्या माणसाच्या हातचे असायचे आणि चवीला तसेच लागायचे. नुसतं नाव घेऊन निवड होत नसे. "पसंत" असं मोठ्यानं म्हणायचं आणि पेढ्याचा तुकडा तोंडात टाकायचा, की मग माघार नाही. हा नियम तुमचा. एवढ्या थोराड मुलाच्या आयुष्याचा निकाल लावतात आणि कुणी त्याच्या नावानं तोंड गोड करत नाही, हे तुम्हाला इथल्या लोकांचं खटकायचं.

मी गॅरेजच्या दाराशी उभी आहे, आईला मदत करते आहे असं दाखवत. आत डॉक्टर काका टीव्हीसमोर वाकले आहेत. ते हाडांचे डॉक्टर. मुलगा धावताना दिसला की त्याच्या गुडघ्याचं भविष्य सांगतात.

"उंची उत्तम," डॉक्टर काका म्हणतात.

"उंची काय चाटाची आहे का, यार," नागपूरचे काका म्हणतात. ते तुमचे कॉलेजपासूनचे मित्र. "कंबर पाहा न त्याची. वळतच नाही."

"घरचं चांगलं आहे. वडीलही खेळलेले."

"वडील कुठं घ्यायचे आहेत आपल्याला?"

बाकीचे तिघे काका माना हलवतात. त्यांची तिघांत मिळून दीड मतं असायची. आई उलथनं हातात घेऊन माझ्यामागे येऊन उभी राहते. "एवढी चौकशी माझ्या वेळी कुणी केली नव्हती," ती म्हणते. तुम्ही टीव्हीवरची नजर न काढता म्हणता, "केली होती. पहिल्या फेरीतच गेलीस तू." आई आत निघून जाते, पण उलथनं गॅरेजमध्येच विसरते.

तुम्ही मात्र मुलापेक्षा बाकाकडे जास्त बघायचात. शरदातल्या शनिवारी तुम्ही मला युनिव्हर्सिटीच्या मॅचला न्यायचात. सगळ्यात स्वस्त तिकिटं, घरच्या संघाच्या बाकामागची, जिथून मैदान अर्धंच दिसतं. मला वाटायचं पैसे वाचवताहेत. मग एकदा तुम्ही दुर्बीण माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, चेंडू सगळेच बघतात, तू त्या बाकावरच्याला बघ. त्याला आत्ता बाहेर काढून त्याच्या जागी दुसऱ्याला पाठवलंय. तो टॉवेल डोक्यावर घेऊन रुसून बसतो, की नव्याजवळ जाऊन सांगतो, की समोरचा कुठून अंगावर येतोय? सांगतो तो घ्यायचा. बाकी सगळं शिकवता येतं.

मी विचारलं, किती जणांवर तपासलंय. तुम्ही बराच विचार करून म्हणालात, अकरा. मी म्हटलं, अकरा कमी आहेत. तुम्ही म्हणालात, म्हणून तर दरवर्षी तिकीट काढतो. पुढे मी हे खरंच तपासायला घेतलं. टीव्हीच्या चित्रणावरून ते मोजता येत नाही, कारण कॅमेरा बाकाकडे फार थोडा वेळ जातो आणि तोही कुणी रडत असेल तरच. तेव्हा तुमचा निकष बरोबर आहे असं मला म्हणता येत नाही. चूक आहे असंही सिद्ध करता आलेलं नाही. या निकषानं निवडलेले तुमचे संघ बहुतेक वेळा तळाला असायचे, ही माहिती फक्त जोडून ठेवते.

तुम्ही मला गॅरेजमध्ये एकदाच रागावलात. नागपूरच्या काकांनी एक धावपटू मुलगा "पसंत" केला होता आणि ते खुशीत पोहे खात होते. मी दारातूनच सांगितलं, की या मुलाच्या एकाच गुडघ्यावर दोनदा शस्त्रक्रिया झाली आहे आणि अशा गुडघ्याचे दोन हंगामही निघत नाहीत. सगळे हसले. नागपूरच्या काकांना घास गिळता येईना. संध्याकाळी खुर्च्यांच्या घड्या घालताना तुम्ही म्हणालात, "तुझं बरोबर होतं. पण त्याच्या तोंडात घास होता. आधी गिळू द्यायचं, मग सांगायचं." त्या मुलाचा गुडघा पहिल्याच हंगामात गेला. पुढच्या वसंतात पोहे नागपूरच्या काकांनी केले आणि पहिली बशी मला आणून दिली. मीठ जास्त होतं. मी ते गिळून झाल्यावर सांगितलं.

तुम्ही गेल्यावर खुर्च्या डॉक्टर काकांच्या व्हॅनमधून त्यांच्या गॅरेजमध्ये गेल्या. पुढच्या वसंतात पाच खुर्च्यांवर पाचजण बसले आणि त्यांना काही सुचेना. नागपूरच्या काकांनी घरी फोन केला. "पोरी, येऊन बस. बदली म्हणून." मी गेले, कारण घरी बसून आईच्या गप्प राहण्याकडे बघण्यापेक्षा ते सोपं होतं. त्या वर्षी मी कुठलाच निकष लावला नाही, फक्त गुडघ्यांचा हिशेब केला, आणि जिंकले. मग बऱ्याचदा जिंकले. त्यामुळे माझी निवड बहुतेक वेळा शेवटी येते आणि पोहे करायची वेळ माझ्यावर कधी आलेली नाही, हे सर्वांच्या हिताचं आहे. पण गुण लिहायच्या पांढऱ्या फळ्यावर नाव तुमचंच राहिलं. तुम्ही गेल्यानंतर तुमचा संघ फार सुधारला आहे, बाबा. हे तुम्हाला दुसरं कुणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

बदली हा शब्दही तसाच राहिला. मला त्याचं काही वाटत नाही, असं मी समजत होते.

या वर्षी डॉक्टर काकूंनी त्या शनिवारी एका मुलाला जेवायला बोलावलं. मुलगा म्हणजे माझ्याच वयाचा, पुण्याचा, इथल्या रिसर्च पार्कमध्ये सॉफ्टवेअरचं काम करणारा. कशासाठी बोलावलं, हे त्याच्याखेरीज सगळ्यांना माहीत होतं. मी हो म्हटलं होतं, कारण आईला घेऊन मी तिथे जाणारच होते आणि वेगळा वेळ जाणार नव्हता. तो आला, बूट काढायला वाकला, आणि डॉक्टर काकांनी त्याला सहज विचारलं की एमएस कुठून केलं. त्यानं दक्षिणेतल्या एका युनिव्हर्सिटीचं नाव सांगितलं, जिथे शनिवारी मॅच असली की लग्नसुद्धा पुढे ढकलतात. एक बूट पायात तसाच ठेवून तो बोलू लागला. आता खेळाडू मुलं चार वर्षांत तीन कॉलेजं बदलतात, तेव्हा कुणाची पारख कशी करायची, हा त्याचा प्रश्न होता.

"बरोबर आहे," डॉक्टर काका म्हणाले. "तीन घरं फिरून आलेला मुलगा. का फिरला, हे विचारायला नको?"

"पैसे जास्त मिळाले म्हणून फिरला," नागपूरचे काका आतून, गॅरेजमधल्या शेगडीपासून ओरडले. पोहे यंदा त्यांचे होते. "मी नाही का तीन कंपन्या बदलल्या?"

"तुम्ही व्हिसासाठी बदलल्यात."

"मग त्याच्यात कमीपणा आहे का काही?"

काकू चहा घेऊन आल्या तोवर डॉक्टर काका त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून गॅरेजमध्ये पोचले होते. मी तुमच्या खुर्चीमागे उभी होते, लॅपटॉप काढत. काकांनी बशी घेतली, दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "एक विचार मांडतो. ही खुर्ची हिच्या बाबांची. ही बदली म्हणून बसते, आणि आता कामासाठी निम्मा वेळ देशाच्या दुसऱ्या टोकाला, सांता क्लाराला असते. शरदात आपण मॅचना जमतो, तेव्हा नसतेच. बदली किती वर्षं चालवायची? संघ बांधायचा तर कायमचा माणूस लागतो. हा इथेच राहतो, याला खेळ कळतो." आणि त्यांनी तिसरा घास घेतला.

माझ्याकडे उत्तर होतं. मांडणीसकट होतं. गेल्या सगळ्या वर्षांचे गुण, सांता क्लाराहून शुक्रवारी रात्री परतणारी विमानं, सगळं. पण डॉक्टर काकांच्या तोंडात घास होता, म्हणून मी थांबले. पोहे कोरडे होते आणि ते सावकाश चावतात. ते गिळतील तोवर त्यांनी हातानंच त्या मुलाला बसायची खूण केली होती, आणि तो बिचारा पोह्यांची बशी घेऊन बसलाही होता. तुमची शिकवण नेहमी सोयीची असतेच असं नाही.

दारात काकू उभ्या होत्या, ट्रे घेऊन. "अहो," त्या म्हणाल्या, "मी त्याला हिच्यासाठी बोलावलं. तुम्ही त्याला हिच्या जागी बसवताय."

तेव्हा त्या मुलाला आपण इथे का आलो ते कळलं. तो दचकून मागे रेलला, खुर्ची उजवीकडे कलंडली आणि अर्धी बशी पोहे त्याच्या मांडीवर सांडले. मला तेव्हा काय वाटलं ते मी नेमकं सांगू शकते: छातीच्या डाव्या बाजूला, बरगड्यांच्या खाली, एक दुखरी जागा. शारीरिक कारण नव्हतं. ती खुर्ची माझी नाही असं कुणी म्हणेपर्यंत ती माझी आहे हे मला माहीत नव्हतं. मी वाकून पोह्यांची बशी उचलली, त्याला कागदी रुमाल दिला आणि म्हटलं, "मागचा उजवा पाय आखूड आहे. वजन डावीकडे ठेवा आणि उठताना आधी पुढे सरका. डॉक्टर काका गुडघ्यांवर बोलायला लागले की मागे रेलू नका, तेव्हा हमखास पडायला होतं."

नागपूरच्या काकांनी झारा खाली ठेवला.

"थांबा बे," ते म्हणाले. "पाहिलं का तुम्ही? हिला काढून बाकावर बसवलं, आन् ही नव्याला सांगून राहिली की धक्का कुठून येते."

तुमचा निकष त्या खोलीत सगळ्यांना पाठ होता. दरवर्षी त्याची टिंगल करूनच पाठ झाला होता.

"जागा रिकामी आहे म्हणून भरायची, का समोर आहे त्यातला चांगला घ्यायचा?" नागपूरचे काका म्हणाले. हा वाद ते आणि डॉक्टर काका दर ड्राफ्टला जन्मभर घालत आले आहेत. "डॉक्टर, तुमचंच म्हणणं, चांगला असेल तो घ्या, जागेचं मागून पाहू. मग घ्या आता. रीतसर."

आणि त्यांनी रीतसर घेतलं. मी आजवर एकाही स्थळासमोर पोह्यांची बशी घेऊन गेलेली नाही, हे तुम्हाला माहीत नसणार. आईला विचारा, म्हणजे तुम्हाला विचारता येत असतं तर तिनं तासभर सांगितलं असतं. त्या दिवशी पाच काकांनी मला गॅरेजच्या मध्यभागी उभं केलं.

"गुडघे?" डॉक्टर काकांनी विचारलं. ते अजून पूर्ण वळले नव्हते.

"दोन्ही मूळचे," मी म्हटलं.

"स्वभाव?"

"थंड," तिघांपैकी एक काका म्हणाले.

"थंडच लागतो शेवटच्या दोन मिनिटांत," दुसरे म्हणाले. तिघांची दीड मतं तिथे एका बाजूला पडली.

"हजेरी?"

"ड्राफ्टला एकदाही चुकलेले नाही. मॅचना चुकते. ते सुधारणार नाही."

"खरं तरी बोलते," काकू म्हणाल्या. त्यांना मत नव्हतं, पण त्या ट्रे घेऊन उभ्याच होत्या.

"घराणं?" डॉक्टर काकांनी सवयीनं विचारलं आणि मग ते स्वतःच खाली बघू लागले. नागपूरच्या काकांनी पेढ्याच्या डब्याचं झाकण उघडलं. "घराणं माहीत आहे," ते म्हणाले. "पोहे सोडून सगळं चांगलं आहे. पसंत."

मग एकेकानं पेढा घेतला. डॉक्टर काका शेवटी. त्यांनी पेढा तोंडात ठेवून बराच वेळ चावला, सगळे थांबले, आणि गिळून झाल्यावर ते म्हणाले, "पसंत." मला पेढा आवडत नाही. खाल्ला.

फळ्यावरचं तुमचं नाव पुसायला नागपूरच्या काकांनी डस्टर उचललं आणि माझ्या हातात दिलं. पुसायचं तर तू पूस, म्हणाले. मी तुमच्या नावाखाली माझं लिहिलं. आता दोन नावं आहेत आणि गुण एकच. हे नियमात बसत नाही. कुणी हरकत घेतली नाही.

तो मुलगा दुपारभर कोल्ड ड्रिंकच्या कूलरवर बसला, कारण सातवी खुर्ची आणायची नाही हे अजून ठरलेलंच आहे. कुणाला कॅन हवा झाला की त्याला उठावं लागायचं, झाकण उघडून, कॅन देऊन पुन्हा बसायचं. पँटवर हळदीचा डाग होता. दर वेळी तो उठला, आणि देताना कॅन पुसून दिला. त्याला तुमचा निकष माहीत नव्हता, त्यामुळे ही निरीक्षणं विश्वासार्ह मानायला हरकत नाही. घरी येताना गाडीत आईनं विचारलं, "कसा वाटला?" मी म्हटलं, "बाकावर बरा बसतो." पुढच्या सिग्नलला ती खिडकीकडे तोंड करून हसली. तसं हसताना तिला मी फार दिवसांनी पाहिलं.

हे छापून तुमच्या फोटोमागे ठेवणं वगैरे मला जमणार नाही. फाइल बंद करीन आणि सोमवारी पंपांकडे जाईन. खुर्चीचा पायही दुरुस्त करणार नाही. तो आखूड आहे तोवर तिच्यावर दुसऱ्या कुणाला बसायचं असेल तर मला विचारावं लागेल.

एक राहिलं. तुमच्या निकषात एक फट आहे, बाबा: ज्याला तो ठाऊक आहे, त्याला तो वापरता येतो. वजन डावीकडे ठेवा, हे मी त्या मुलाला हळू सांगू शकले असते. माझं तोंड त्याच्या कानाजवळच होतं. पण नागपूरचे काका शेगडीपाशी होते आणि त्यांना आता हळू बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून मी जरा मोठ्यानं सांगितलं.